हौदेनु अप्पा

अप्पा दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधत. आमच्या कानडी मुलखातल्या शहरात, कोप्पीकर रोडवरच्या घड्याळजीने एकदा न राहवून विचारलं, “एरडु याक्री अप्पा? दोन कशाला?” अप्पा म्हणाले, “एकच असलं की माणूस खुशाल चुकतो. दोन असली की निदान भांडण तरी कळतं.”

हवाई दलात ते नॅव्हिगेटर होते. विमान या घटकेला कुठे आहे, हे नकाशा आणि रेडिओवरून वैमानिकाला सांगणं त्यांचं काम. निवृत्त होऊन शहराबाहेर रायापूरला राहिले. नव्वदच्या दशकात देशपांडे नगरातून बसने जाऊन मी त्यांच्याकडे वैमानिकाच्या परीक्षेचा अभ्यास करायचो. त्यांना काहीही सांगा, पहिला प्रश्न “हौदेनु?” म्हणजे, असं का? दूधवाल्याला तोच, डॉक्टरला तोच. मराठी बातम्या संपल्या की ताळा म्हणून कन्नड बातम्या लावत. दोन्ही जुळल्या तरच “हौदु”, म्हणजे हो, म्हणत.

नोकरी लागल्यावर मी हौसेने हातातलं जीपीएस नेऊन दाखवलं. अप्पांनी ते कंपाउंडवर ठेवलं, आतून जुना नकाशा आणला आणि बराच वेळ पट्टी फिरवली. “तुझ्या यंत्राच्या मते मी शेजारच्या मल्लप्पाच्या गोठ्यात राहतो,” म्हणाले. जीपीएस ज्यांचं, त्या परदेशी लष्कराने ती चूक मुद्दाम ठेवलेली होती. दोन हजार साली त्यांनी ती काढली, तेव्हा मी धावत सांगायला गेलो. “हौदेनु? ज्यानं काढली तो उद्या परत घालंल की!”

यंत्रांनी नॅव्हिगेटरची खुर्चीच काढून घेतली होती, त्यामुळे हा सगळा सवतीमत्सर, असा माझा दाट संशय होता. तरी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंच. ढगात असताना दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे मोठ्याने वाचल्याशिवाय खाली उतरायचं नाही. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून मी हो म्हटलं.

पुढे काही वर्षांनी एका डोंगराळ गावी, सहवैमानिक धरून सहा माणसं घेऊन उतरत होतो. बाहेर नुसता ढग. अशा वेळी किती मैल उरले त्यावर किती खाली यायचं हे ठरलेलं असतं. जीपीएसवर दोन मैल दिसले. आपण फारच उंच राहिलो असं वाटून मी घाईने विमान खाली घेऊ लागलो आणि केवळ सवयीने विमानतळाच्या रेडिओवरचा अंतराचा आकडा वाचला. सात! “हौदेनु?” माझ्याच तोंडून निघालं. विमान वर घेतलं. तेवढ्यात ढग फाटला आणि खाली डोंगरावरची झाडं दिसली, फांद्या मोजता याव्यात इतकी जवळ. जीपीएस खोटं बोललं नव्हतं. ते वाटेतल्या पुढच्या टप्प्याचं अंतर दाखवत होतं, धावपट्टी त्याच्याही पुढे पाच मैल. चुकीचं वाचलं ते मी.

उतरल्यावर अप्पांना फोन केला. “अप्पा, तुमच्यामुळे सातजण वाचलो.”

“हौदेनु?” अप्पा म्हणाले, “शेजारी बसला होता त्याला दे बघू फोन.” आणि सहवैमानिकाकडून त्यांनी सगळं पुन्हा वदवून घेतलं.

पुढल्या वर्षी गोठेवाल्या मल्लप्पाचा फोन आला. अप्पा गेले. मी फोन ठेवला आणि अप्पांच्या घरचा नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदाच दोन आकडे जुळू नयेत असं मनापासून वाटत होतं. अप्पांच्या बायकोने, अक्कांनी, फोन उचलला. मला एकच शब्द सुचला.

“हौदेनु?”

“हौदप्पा,” अक्का म्हणाल्या.