स्पंजाचं तेल आणि जिनातला कापूस

समुद्र मी पाहिलाही नव्हता, आणि समुद्रातल्या स्पंजापायी माझी हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा प्रबंध करत होतो. तो मंजूर झाला की तिथलीच लेक्चररची जागा मला मिळणार होती. सरांनी कोकणातून स्पिरिटात बुडवलेले स्पंज मागवले होते. कपड्यांना असा वास यायचा की राजापेठेतला खोलीमालक विचारी, "मासे शिजवून राह्यला का बे?"

आपल्या सरकीच्या तेलातल्या मेदाम्लांत फार तर अठरा कार्बनांची साखळी. स्पंजात सव्वीसांची असते, असं परदेशात कुणीतरी लिहिलं होतं. आमच्या स्पंजात ती आहे का, एवढंच मला शोधायचं होतं. स्पंज द्रावकात भिजवायचा, तेल उतरलं की नरसाळ्यात कापसाचा बोळा घालून गाळायचं. मी दवाखान्याचा कापूस मागितला. सर हसले.

"वऱ्हाडात राहून कापूस विकत घ्यायचा? तुझे वडील अकोटला जिनात आहेत ना? आण की तिथून."

बाबा जिनातून, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यातून, स्वतः एस.टी.नं घेऊन आले. काडीकचरा वेचून काढलेला, पांढराशुभ्र. "तुह्या कामात घाण नको," म्हणाले.

सव्वीस कार्बनांचं आम्ल मिळालं. सर खूश झाले.

मग बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी विचारलं, कापूस कोणता वापरला? जिनातला, मी सांगितलं. ते म्हणाले, कच्च्या कापसावर मेण असतं, त्यातही अशीच लांब आम्लं असतात आणि द्रावकात ती विरघळतात. दवाखान्याच्या कापसातलं मेण आधीच काढलेलं असतं. मी सरांकडे पाहिलं.

सर मऊ आवाजात म्हणाले, "मला न विचारता वापरला यानं. सवलतीवर आलेली मुलं, घाई करतात."

"सर, तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हणालो. परीक्षकांनी शेरा लिहायला घेतला. प्रबंध परत आला, स्पंज संपले होते, जागा सरांच्या भाच्याला गेली. पुढे स्पंजात तशी आम्लं असतातच, हे जगभर सिद्ध झालं. त्याचं काय लोणचं घालू?

कापसापायी प्रबंध परत आला, असं पत्रानं कळवून अकोटला गेलो तर बाबांनी दारातच विचारलं, "कापूस साफ नव्हता का रे?" सर खोटं बोलले, हे मी त्यांना घसा बसेपर्यंत समजावलं. त्यांनी मान डोलावली. पण पुढे माझ्या लग्नानंतरही ते घरी यायचे ते रिकाम्या हातानं. एकदा मीच म्हणालो, बाबा, शेंगा तरी आणायच्या.

"नको बाप्पा," ते म्हणाले. "माह्या हातचं लागलं का तुह्यं बिघडते."