नाईककाकांचं संथ गाणं

शारजाहून दुबई मरीनाला रोज एकाच गाडीतून जाऊन पाहा. किस्से आपोआप साचतात. गाडी थांबली की माणसं सुरू होतात!

गाडी नाईककाकांची. पुढे त्यांची लेक रुचा, शारजातच वाढलेली, वाटेत कॉलेजला उतरणारी. मागे मी आणि रत्नागिरीचा मुकादम. गाणं मात्र एकच. काकांच्या तरुणपणातलं, अमेरिकन, प्रेमाचं आणि भयंकर संथ. गायक आधी एक लांब उसासा टाकतो, मग "बेबी" म्हणतो, आणि पुढचा शब्द येईपर्यंत आपला एक सिग्नल ओलांडून होतो.

"काका," मुकादम म्हणाला, "बेबीचं लग्न दुसरीकडे झालं असेल हो एव्हाना!"

*

एकदा जॅममध्ये शेजारच्या गाडीतून धडधड संगीत येत होतं. काकांनी काच खाली केली. तोच उसासा! पुन्हा पुन्हा तोच, आणि त्यावर कोणीतरी तावातावाने बोलतंय.

"अरे, ह्याची पिन अडकलीय! आणि वर भांडतंय कोण?"

"बाबा, दॅट्स रॅप. इट्स कॉल्ड सॅम्पलिंग." जुन्या गाण्याचा तुकडा कापायचा, तो फिरवत ठेवायचा आणि त्यावर आपलं म्हणायचं, असं रुचाने समजावलं.

"म्हणजे चोरी!"

"नो बाबा, रिस्पेक्ट!"

"रिस्पेक्ट असता तर 'बेबी'पर्यंत तरी थांबले असते!"

*

काकूंनी घरी निकाल दिला. "शिळ्या भाताला मी फोडणी देते, तेव्हा परत परत मागून घेता. तेव्हा नाही आठवत चोरी!"

"अगं, त्यात भात तरी पुरा असतो!"

*

मग मरीनातल्या एका स्पर्धेसाठी रुचाने स्वतःच रॅप केलं, आणि खाली लावला काकांचाच उसासा! काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. खलास!

"मुकादम अंकल, टेल हिम, एसी वाढवा."

"मुकादम, तिला सांग, एसीचाही तुकडा काप म्हणावं!"

बिचारा मुकादम दोन्हीकडे मान हलवायचा. एकदा उतरताना रुचा माझ्या खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, "आय डोन्ट केअर अबाउट द प्राइझ. बाबांनी फक्त यावं." पोर अगदी रडवेली झाली होती. मला फार वाईट वाटलं.

*

स्पर्धेच्या दिवशी मुकादमने काकांना कसंबसं ओढून आणलं. ऑफिसच्या सुटाबुटात ते शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

रुचाचं रॅप झालं. टाळ्या पडल्या. परीक्षकाने माइक घेतला. हे जुनं गाणं वापरायला परवानगी कुणाची? नसेल तर नियमाप्रमाणे बाद.

रुचाचा चेहरा पडला.

"माझी!" काका उभे होते.

परीक्षक पंचविशीचा. त्याच्या लेखी साठीचे काका आणि ऐंशीचा तो गायक सारखेच! तो खुर्चीतून ताडकन उठला. "सर... आप ही? दो लाइन सुना दीजिए, प्लीज!"

अख्खा हॉल वळला. मोबाइल वर झाले.

काकांनी टाय सरळ केला आणि स्टेजकडे पाहिलं.

"रुचे, सांग त्यांना, आज घसा बसलाय!"