खाडीकाठची राहून जाणारी गल्ली

वसंता गेला, आणि मला रडू आलं नाही. हायसं वाटलं.

म्हणूनच लिहायचं टाळत होतो. लिहायला बसलो की चहा आठवायचा, मग बाहेरच पडायचो.

शेवटी फार हाल झाले त्याचे. सुटला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी वर्सोव्याचा, विशीतला. शाळा अर्धवट, पाय घरात टिकायचे नाहीत.
वसंता अंधेरीचा, कॉलेजात मॅथ्स शिकणारा. अभ्यासाला जातो सांगून आमच्याकडे मासे खायला यायचा.

आमच्या देवीची पालखी देवळातून निघून बंदरावर थांबते. प्रत्येक गल्लीतून जायचं, पण एकाच गल्लीतून दोनदा नाही.

पालखीच्या पुढे माझे बाबा, वाट ठरवायचा मान त्यांचा. दरवर्षी खाडीकाठची गल्ली राहायची.
तिथले लोक भडकले. बाबांना म्हणाले, मुद्दाम करतोस, यंदा पुन्हा राहिली तर तुझा मान गेला.

बाबा जेवेनासे झाले.

वसंताने वाळूत नाक्यांचे ठिपके काढले, गल्ल्यांच्या रेघा.
मध्येच एक होडी लागली, म्हणून मी मासळी बघायला पळालो. परत आलो तरी हा तिथेच.

"बघ रे. नाक्यावर एका गल्लीने आलास की दुसरीने बाहेर पडणार ना? गल्ल्या जोडीने संपतात. तीन असल्या की एक उरते. असा नाका फक्त सुरुवातीला चालतो, नाहीतर शेवटी."

आमच्याकडे असे चार निघाले. देऊळ, बंदर आणि खाडीकाठच्या गल्लीची दोन्ही टोकं.

"काका, हे कोणालाच जमणार नाही. देवीलासुद्धा."

बाबा मटकन वाळूत बसले. "मला वाटलं, माझंच डोकं गेलं," म्हणाले, आणि हसायला लागले.

वसंता म्हणाला, त्या दोन टोकांमध्ये अजून एक वाट हवी.
मी म्हटलं, येडा आहेस का, तिथे नुसतं पाणी आहे.
"मग होडी आहे ना," बाबा म्हणाले.

त्या वर्षी देवी होडीत बसली. वल्ही खाडीकाठच्यांनीच मारली. एकही गल्ली राहिली नाही. बाबा रात्री पोटभर जेवले.

ह्याला ग्राफ थिअरी म्हणतात, हे वसंताने नंतर सांगितलं. माझं शिक्षण तेवढंच.

वसंता, नीट जा रे. तुला मनापासून नमस्कार.

थांबतो. दारात कोणीतरी आलंय.
खाडीकाठची पोरगी. हल्ली पालखीच्या पुढे तीच असते, पण माझ्या घरी कधी आली नव्हती.
नवा रस्ता झाल्यापासून एक गल्ली राहतेय म्हणते. वसंताकाकांचा नंबर मागतेय.

खडू शोधतो.