दादा खरं बोलत होता

दादा गेल्यावर बावीस दिवसांनी आम्हाला कळलं, त्याला काय झालं होतं ते.

दादाला जाऊन आज वर्ष झालं. इतके दिवस लिहायची हिंमत झाली नाही, कारण यात चूक माझीच जास्त आहे.

नागपूरच्या पलीकडे, गोरेगावजवळच्या आमच्या गावात मोरेश्वरदादाच्या हाताचं कौतुक होतं. भाताच्या रोवणीत धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पऱ्ह्याची म्हणजे रोपांची पेंढी फेकली की ती बरोबर रोवणाऱ्या बायांच्या पुढ्यात पडायची.

चाळिशी ओलांडली आणि हात खांद्याच्या वर जाईना. पेंढी मध्येच चिखलात पडू लागली.

"काऊन जी मोरेश्वरभाऊ, जेवले नाही का?" बाया हसायच्या.

तोही हसायचा. मग धुऱ्यावर बसून राहायचा.

आमच्याकडे अंगात ताकद नाही म्हटलं की पहिला संशय सिकलसेलचा, रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचा. मी फुलचूरला राहते, शाळेत शिकवते, म्हणजे घरातली शहाणी मीच. मीच त्याला तपासणी शिबिरात नेलं.

रिपोर्ट निगेटिव्ह.

झालं! सिकल नाही म्हणजे काहीच नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आणि मी भर अंगणात, चार लोकांसमोर म्हणाले, "दादा, रिपोर्ट नॉर्मल आहे. आता बहाणे पुरे."

"बाई, मी बहाणे कायले करीन? हातच उठून नाही राहिला."

मी ऐकलं नाही. आळशी हा शब्द त्याला तिथूनच चिकटला.

पुढे त्याला जमिनीवरून उठता येईना. मग श्वास पुरेना. तेव्हा कुठे नागपूर. तिथल्या डॉक्टरांनी जीन टेस्टला रक्त पाठवलं. रिपोर्ट यायच्या आधीच दादा गेला.

व्हीसीपी नावाच्या जीनमध्ये दोष होता. पेशीतली बिघडलेली प्रोटीन्स ओढून काढून मोडीत पाठवायचं काम या जीनच्या भरवशावर चालतं. दादाचं ते काम बिघडलं आणि स्नायू आतून खराब होत गेले.

यावर पक्का इलाज नाही. दादा वाचला नसता, हे मला कळतं.

पण त्याच्यावर विश्वास ठेवायला कुठलं औषध लागत होतं?

हा दोष माझ्यातही असू शकतो. ते मी बघून घेईन, आज विषय दादाचा आहे.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी तो वहिनीला वाचून दाखवला. म्हटलं, "वहिनी, दादा आळशी नव्हता."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मले मालूम होतं, बाई. मले कायले सांगता? त्याइले सांगाचं होतं."

दादा, सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागते.

तुझ्या धाकट्या बहिणीचा तुला नमस्कार.