मावा जिलेबी आणि साखरेची सुई

आमच्या शहरातल्या शनवारा चौकात मावा जिलेबी कढईत पडली की तिचा वास मला थेट दापोरा गावच्या पटांगणात नेऊन उभा करतो. सरकारच्या पैशातून तिथे रक्तातली साखर तपासायचं शिबिर मी भरवायचो, आणि एके दिवशी जिल्ह्याचे साहेब बघायला आले होते. माणसं जमली नाहीत तर शिबिर बंद. गाव सुईला वाघापेक्षा जास्त भ्यायचं, म्हणून मी मंदिराच्या भोंग्यावरून पुकारलं, "सुई टोचून घ्या, जिलेबी फुकट!" माणसं अशी लोटली की तापीचा पूर लाजावा. तपासणी उपाशीपोटी होती, पण दारी आलेल्याला कोरड्या तोंडी बसवायची आमच्याकडे पद्धतच नाही. नंबर लागण्याआधीच सगळ्यांनी शनवाऱ्याहून बोलावलेल्या हलवायाच्या जिलेब्या हाणल्या. मशीनवरचे आकडे आभाळाला टेकले. साहेब कडाडले, "ये सब बेकार गया! बंद करा हे शिबिर." तेवढ्यात सुई टोचणाऱ्या नर्सताई म्हणाल्या, "साहेब, एक माणूस उपाशी आहे," आणि त्यांनी कढईमागच्या हलवायाचा हात धरला. तो हसला, "मला काय धाड भरलीय, ताई? पहाटेपासून घोटभर चहासुद्धा नाही घेतला." बोट टोचलं. पटांगणातल्या माश्यांचीही भणभण थांबली. त्याचा आकडा जिलेबी खाल्लेल्यांच्याही वर निघाला. हलवायाने झारा खाली ठेवला, साहेबांनी मशीनवरचा आकडा स्वतः वाचला आणि हळूच म्हणाले, "याला तर पत्ताच नव्हता. चालू ठेवा." तो हलवाई आजही तळतो, गोळी वेळेवर घेतो, आणि त्या वासासरशी माझं मात्र तोंडाआधी बोट पुढे होतं.