पाण्याच्या कडेची मोटरसायकल

"गाडी सापडली, मॅडम. आता तुमची शंका गुंडाळा," डीवायएसपी साहेब फोनवर म्हणाले. मी जीपमध्ये बसले आणि पळसदेवला निघाले.

पळसदेवचे रामभाऊ तात्या रविवारी मोटरसायकलवरून घराबाहेर पडले ते परतलेच नव्हते. पुतण्या संतोषशी त्यांचं बांधावरून जुनं भांडण होतं. "एक दिवस पाण्यात बुडवीन," असं तो चारचौघांत बोलून बसला होता. मंगळवारी आम्ही त्याला अटक केली. तेव्हापासून तो पीसीआरमध्ये, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने आमच्या कोठडीत होता. आज शुक्रवार. तात्यांची गाडी उजनीच्या पाण्याला लागून उभी सापडली होती. गणित जुळल्यासारखं सगळ्यांना वाटत होतं.

माझं काम मात्र ते मोडायचं होतं. त्याला कारण बारामतीकडचं एक जुनं खून प्रकरण. त्यात सगळ्या टीमने पहिल्याच दिवशी एक माणूस पक्का केला आणि बाकी कुठे बघितलंच नाही. काही वर्षांनी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. तोवर त्याचा संसार उधळला होता. खरा खुनी अजूनही मोकळा आहे. त्यानंतर साहेबांनी नियम केला: मोठ्या गुन्ह्यात एका अधिकाऱ्याने आपल्याच टीमच्या तपासातली भोकं शोधायची. आमच्यात या कामाला 'सासूची ड्यूटी' म्हणतात. ती लागली की कुणी आपल्याशी धड बोलत नाही.

काठावर गाव लोटलं होतं. तात्यांच्या बायकोने, काकींनी, माझा हात धरला. "त्यानंच बुडवला माझा माणूस. आन् तुमी बाई असून त्याची बाजू घेता?"

गावातला एक जमिनीचा एजंट त्यांना धीर देत होता. आमच्या पाणबुड्यांना चहाही तोच देत होता. सगळ्यांचे डोळे पाण्याकडे होते. मी गाडीकडे बघत राहिले. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

माझं माहेर बॅकवॉटरच्या काठचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी सोडलं की काठ रोज मागे सरकतो. जमीन सपाट, त्यामुळे पाणी भराभर लांब जातं आणि शेतकरी मोटार, पाइप घेऊन त्याच्या मागे मागे जातात. शेजारीच एकजण पाइप ओढत होता. त्याला विचारलं, "मंगळवारी पाणी कुठं होतं?"

त्याने चढावरच्या बाभळीकडे हात केला. "तितं. हितं तर कमरंएवढं हुतं."

मंगळवारच्या आधी गाडी इथे उभी केली असती, तर ती पाण्यात असती. सीटवर गाळ बसला असता. सीटवर तर कोरडी धूळ होती. म्हणजे गाडी मंगळवारनंतर आली. आणि मंगळवारपासून संतोष आमच्या कुलपात होता.

गर्दीपासून लांब जाऊन मी साहेबांना फोनवर सांगितलं.

"मग ठेवली कोणी?" त्यांनी विचारलं.

"तात्या बुडाले असं आपल्याला वाटावं, अशी ज्याची इच्छा आहे त्याने. साहेब, बुडालेल्या माणसाला कोणी घरांत शोधत नाही. आणि मारलं असतं, तर प्रेतही इथेच टाकलं असतं. तात्या जिवंत असतील."

"पाणबुडे थांबवू नका," ते म्हणाले. "चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. बाकीची माणसं मी हलवतो."

दुपारभर मी त्या रिकाम्या पाण्याकडे गंभीर चेहऱ्याने बघत उभी होते. एजंटने मलाही चहा दिला. मी प्यायले. एकच विचार डोक्यात होता, की गाडी ठेवणाऱ्याला सुगावा लागला तर तात्या संपले.

चढावर टेम्पोच्या चाकांचे ठसे होते. हायवेवरच्या ढाब्याच्या कॅमेऱ्यात मोटरसायकल लादलेला टेम्पो दिसला. टेम्पो एजंटचाच निघाला. साहेबांच्या माणसांनी त्याच्या बंद पोल्ट्री शेडचं कुलूप तोडलं, तेव्हा तात्या खताच्या पोत्यांमागे बांधलेले होते. ओठ फुटलेले, आवाज गेलेला. तात्यांची हायवेलगतची जमीन एजंटला हवी होती.

"सही न्हाय दिली," एवढंच ते पुटपुटले. तो निरोप फोनवर आला आणि मी काठावर एजंटचा दंड धरला. त्याच्या हातात चहाची किटली तशीच होती.

संतोष सुटल्यावर सरळ इंदापूरच्या दवाखान्यात आला. काकी उठल्या. त्यांनी त्याला तात्यांच्या उशाशी स्वतःच्या जागेवर बसवलं. मी निघाले तसा तो माझ्यामागे जिन्यापर्यंत आला.

"मॅडम, सगळं गाव उलटलं. तुमचा तेवढा इस्वास हुता माझ्यावर, व्हय?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "मलाही तूच वाटत होतास."

तो बघतच राहिला. "मग?"

"ड्यूटी होती."

त्याला ते आवडलं नसावं. पण साहेबांचा नियम अजून चालू आहे, आणि या महिन्यात सासू दुसराच अधिकारी आहे; तो माझ्याच तपासातली भोकं शोधतोय. माझ्याशी तो धड बोलत नाही, मीही त्याच्याशी बोलत नाही. काम नीट चाललंय.