चुन्यातला मका

मुनाफ परकार हा माणूस भारी हट्टी. असल्या माणसाची खानसाम्याची नोकरी तेलकंपनीच्या मेसमध्ये बारा वर्षं टिकली, हेच नवल. हर्णैहून आखातात आला तेव्हा मेसईदला बोटीचा धक्का, तेलाच्या टाक्या आणि पत्र्याच्या चार बराकी, बस्स. इंग्रजांना पुडिंग, अमेरिकनांना स्टेक करून घालावं आणि आपण भातावर सुक्या बोंबलाचं कालवण ओढावं, असा त्याचा संसार चालला होता.

पण १९६५ च्या डिसेंबरात मानेवर सुरी आली. आठवड्यापूर्वी मेसमधली कोंबडी खाऊन अकरा जण आडवे झाले. सुपरिंटेंडंट ग्रेगरी साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "आता एक जरी माणूस आजारी पडला तर पहिल्या बोटीनं तू मुंबईला." मुनाफनं शपथा घेतल्या, कोंबडी कशी नासली ते मला ठाऊक नाही म्हणाला. कोण ऐकतो! खानसामा तो, मग चूकही त्याचीच.

अशा वेळी शहाण्या माणसानं डाळभात शिजवून गप्प बसावं की नाही? याला अवदसा आठवली.

मेसमध्ये रामोन नावाचा मेक्सिकोचा वेल्डर जेवायचा. त्याच्या देशात नाताळच्या आदल्या दिवशी घरोघर तमालेस करतात. मक्याच्या पिठात तिखटजाळ मटण भरायचं, मक्याच्याच पानात गुंडाळायचं आणि वाफवायचं. तीन वर्षांत त्याच्या तोंडाला ते लागलं नव्हतं. आईच्या हातच्या तमालेसची गोष्ट तोडक्यामोडक्या हिंदीत सांगता सांगता हा धिप्पाड गडी रडायलाच लागला. मुनाफ विरघळला. "ही तर आमच्या पातोळ्यांची बहीण! करतो मी," म्हणाला.

मका दोह्याच्या बाजारातून आला. पानं नव्हती, तर लोण्याचा कागद घेतला. रामोन डुकराची चरबी म्हणाला, मुनाफनं डोळे वटारले आणि तूप काढलं. इथवर ठीक. पण मका आदल्या दिवशी चुन्याच्या पाण्यात उकळायचा म्हटल्यावर मुनाफ उडालाच. "चुना? पानाला लावतात तो?" "तोच. सालं सुटतात. मग पाच पाण्यांनी धुवायचा," रामोन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनाफ मका धूत होता. रमजान नुकताच लागला होता, तोंडात पाण्याचा थेंब नाही. तीन पाणी झाली आणि पिंप संपलं. गोड्या पाण्याचा टँकर आलाच नव्हता. चौथ्या पाण्याला थांबलो तर पीठ कधी दळणार, वाफवणार कधी? चालेल, असं मनाशी म्हणून त्यानं मका उपसला, आणि नेमके त्याच वेळी ग्रेगरी साहेब दारात!

साहेबांनी पांढरं पाणी बघितलं, बाजूचा चुन्याचा डबा बघितला. "हे भिंतीला लावतात ते तू जेवणात घालतोस?" मुनाफनं समजवायचा प्रयत्न केला, पण घाबरल्यावर त्याचं इंग्रजी पार आटायचं. रामोन कामावर होता. साहेबांनी मक्याचा दाणा उचलून त्याच्यापुढे धरला. "खा. आत्ता, माझ्यासमोर."

"रोजा आहे, साहेब. सूर्य बुडाला, मगरिब झाली की खाईन."

"खात नाहीस म्हणजे काय ते समजलो मी."

"मगरिबला सगळ्यांच्या आधी मी खातो. मग ठरवा," मुनाफ म्हणाला. साहेब पाय आपटत गेले.

हाताखालचा जहूर आंजर्ल्याचा, त्याचा जिवलग. तो कासावीस झाला होता. "मुनाफभाय, खाऊन टाकायचं होतं! रोजा मागनं भरता येतो. गेलेली नोकरी भरून येते काय?"

"रोजा माझा आहे, ग्रेगरीचा नाही," मुनाफ खेकसला. आणि मका दळायला बसला. चव बघता येत नव्हती, आणि तीन पाणी पुरली की नाही ते अल्लालाच माहीत. दुपारभर भांड्यातून वाफ येत राहिली.

बांग झाली. ग्रेगरी साहेब हाताची घडी घालून उभे होते. रामोन पोरासारखा टेबलाला चिकटला होता. रोजा सोडायला मुनाफनं खजूरही घेतला नाही. बिस्मिल्ला म्हणून कागद सोडला आणि मोठा घास घेतला.

जीभ चरचरली. पानात चुना जास्त झाला की चरचरते, तशी. त्यानं घास गिळला, चेहरा हलू दिला नाही.

साहेबांनी त्याचा चेहरा निरखून बघितला. मग खांदे सैल सोडले. "ठीक आहे. वाढा."

सुटला की हो! रामोननं कागद सोडला, डोळे मिटून वाफ हुंगली, घास उचलला. आणि मुनाफनं त्याचं मनगट धरलं.

"नको खाऊ. चुना राहिलाय. पाच पाणी हवी होती, मी तीनच दिली. माझी चूक."

जहूरनं कपाळावर हात मारला. साहेबांचा चेहरा लाल झाला. "वेडा आहेस का? आत्ता वाचला होतास तू!"

"माझी चूक माझ्या तोंडानं सांगतो, साहेब," मुनाफ म्हणाला. "त्या दिवशीची कोंबडी माझी चूक असती, तर तेव्हाही सांगितली असती."

या माणसावर आता अविश्वास ठेवायला जागाच नव्हती. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "मग कोंबडी कोणी नासवली?"

मुनाफनं सहज मान वळवली, तर जहूर ढसाढसा रडत होता.

"मी, साहेब," जहूर म्हणाला. "बर्फात ठेवायची विसरलो. वास येत होता, तरी फोडणी देऊन वाढली. मुनाफभायवर आळ आला, आणि मी आठ दिवस बघत राहिलो."

मुंबईची बोट सोमवारी होती. जहूरची वळकटी मुनाफनंच बांधली, घरी द्यायला खजूर दिले. शेवटी धक्क्यावर जहूर म्हणाला, "रागावलात काय माझ्यावर?"

"रागावलोय," मुनाफ म्हणाला, आणि त्याला घट्ट मिठी मारून लहान मुलासारखा रडला.